कुवेतच्या पुस्तकाची मागची पानं

आमच्या घरात पुस्तकाचा मान पहिल्यापासून होता, वाचता येवो की न येवो. माझ्या सासऱ्यांना सही येत नव्हती, अंगठा द्यायचे. तरी दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना एक पुस्तक घेऊन यायचे. दुकानदाराला विचारायचे, "याच्यात काय लिहून हाय?" तो सांगेल ते ध्यानात ठेवायचे. घरी आले की पुस्तक उघडून, पानाकडे बघत, तेवढंच आम्हाला सांगायचे. समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीखाली एक फळी होती, तिच्यावर ही पुस्तकं उभी असायची. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग फळी.

आमचे हे त्या फळीखाली वाढले. म्हणून यांना शेवटी जे हवं झालं ते मला कधी वेड्यासारखं वाटलं नाही, दुसऱ्यांना वाटलं. यांना आपलं एक पुस्तक हवं होतं. ते दसऱ्याला नागपूरच्या दुकानात मांडलेलं यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. बाकी या माणसानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही.

हे वर्ध्याला एका जिनिंगमध्ये फिटर होते. पोरगी माझ्या अंगावर पीत होती तेव्हा मुंबईच्या एका एजंटाच्या ओळखीनं कुवेतला गेले. दोन वर्षांसाठी म्हणून गेले आणि तेरा वर्षं राहिले. मधून मधून महिनाभर यायचे. आले की घराला चुना लावायचे, पोरीला सायकलवर फिरवायचे, आणि तिला यांची सवय होते न होते तोच परत जायचे. नव्वद साली तिकडे लढाई लागली. तेव्हा आले ते कायमचे. हातात रेक्झिनची एक पिशवी होती, आणि अंगातला शर्ट दुसऱ्या कोणाचा होता.

मोहल्ल्यातले लोक भेटायला आले. "काय काय आणलं बापा?" "टेप नाई आणला का?" यांनी प्रत्येकाला चहा पाजला. तिकडे कसा होतास, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही. तेरा वर्षांचं एकदम कसं विचारायचं ते मला समजलं नाही, आणि नंतर ती विचारायची वेळ निघून गेली.

नालवाडीच्या रस्त्याला यांनी मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. सहा-सात वर्षं बरं चाललं. मग लकवा आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढून चालायचे, बोलणं जड झालं पण समजायचं. दुकान विकलं. दिवसभर समोरच्या खोलीत खाटेवर पडून फळीकडे पाहत असायचे.

एक दिवस म्हणाले, "तुले लिहिता येते ना?"

"चौथीपर्यंतचं."

"बस झालं. मी सांगतो, तू लिही."

"काय लिहू?"

"कुवेत."

पोरीचं लग्न होऊन ती चंद्रपूरला गेली होती. घरात आम्ही दोघंच. सकाळची भाकर-भाजी आटोपली की मी खाली चटईवर बसायची आणि हे खाटेवरून सांगायचे. लग्नाआधी शाळा सुटली ती सुटली, त्यानंतर मी पत्रांशिवाय काही लिहिलं नव्हतं. हात दुखायचा. ओळी चढावर चढल्यासारख्या वर जायच्या. हे डोकावून पाहायचे आणि म्हणायचे, "मास्तरीण बाई, वाक्य कुठं चाललं थे? पवनारले चाललं का?" मी हसायची. इतक्या वर्षांत आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि हेही बोलणं एकट्या यांचंच होतं.

सांगायचे ते साधंच. एका खोलीत भिंतीला लोखंडी पलंग, एकावर एक. यांचा वरचा, छताला डोकं लागायचं. खालच्या पलंगावर आंध्राचा एक गवंडी. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी इतकं तापायचं की अंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवावं लागे. शुक्रवारी सुट्टी. तेव्हा सगळे एका पुलाच्या सावलीत जाऊन बसायचे, काही करायचे नाहीत, फक्त आपापल्या भाषेतली माणसं शोधायचे. मराठी बोलणारा एकच होता, कोकणातला. त्याला यांची बोली समजायची नाही आणि यांना त्याची, तरी दोघं दर शुक्रवारी भेटायचे. मी इकडून जवसाची चटणी पाठवायची. ती संपली की हे बरणीत थोडं पाणी घालून हलवायचे आणि ते पाणी भातावर घ्यायचे. हे मी लिहिलं आणि माझा हात थांबला. मला एवढंच माहीत होतं की बरण्या परत येत नाहीत.

तो आंध्राचा माणूस एका सकाळी उठलाच नाही. त्याची पेटी यांनी भरली. पेटीत काय काय घातलं ते यांनी एकेक करून सांगितलं, मी लिहिलं. त्याच्या बायकोसाठी घेतलेलं एक घड्याळ चालू होतं. ते चालू ठेवूनच पेटीत टाकावं की बंद करून, यावर खोलीतले सगळे बराच वेळ बोलत राहिले होते.

असं वर्षभर चाललं. शेवटाकडे आलो तेव्हा हे म्हणाले, "लिही, घरी बायको होती, पोरगी होती."

मी लिहिलं आणि वाट पाहिली. पुढं काही येईना.

"एवढंच?" मी विचारलं.

"तुह्याबद्दल मले काय मालूम? मी होतो कुठं?"

रागानं नाही म्हणाले. खरं तेच होतं. मी तेवढीच ओळ ठेवली.

वही पूर्ण झाल्यावर मोठा प्रश्न उभा राहिला की हे द्यायचं कोणाला. मला वाटायचं, छापखान्यात दिलं की पुस्तक होतं. वर्ध्याच्या बाजारात एक छापखाना होता. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, पावती पुस्तकं छापायचा. तिथं मी गेले. तोंडातून शब्द निघेना म्हणून वहीच पुढं केली. मालक चांगला माणूस होता. पानं चाळून म्हणाला, "बाई, मी छापणारा. तुमाले पाह्यजे प्रकाशक. तो विकते. मी विकत नाई."

"तो कुठं भेटते?"

"नागपूरले."

नागपूरला मी दिराला घेऊन गेले. माझे दीर शाळेत क्लार्क, राहायला बोरगाव मेघेला, बोलायला हुशार. बसमध्येच म्हणाले, "वयनी, दादाले सांगा, पुस्तक लिहाले माणूस काही तरी लागते. साहेब लागते, नाई तं पुढारी लागते."

प्रकाशकाची खोली एका पुस्तकाच्या दुकानामागे होती. जमिनीवर गठ्ठेच गठ्ठे, बसायला एक स्टूल, त्यावर दीर बसले. प्रकाशकानं वही मधूनच उघडली, मग शेवट पाहिला.

"ताई, परदेशी राहिलेल्यांची पुस्तकं खपतात, नाही असं नाही," तो म्हणाला. "पण ती डॉक्टर-इंजिनियरांची. ज्यांच्या मुलांना तिकडे जायचंय ते आईबाप घेतात. फिटरच्या खोलीत काय होतं हे कोण विकत घेणार?"

दीर म्हणाले, "सर, लढाई पाह्यली हाय दादानं. डोळ्यानं."

"हो का? मग ती कुठं आहे? इथं पानभरच दिसते. ती वाढवा. रणगाडे, आग, पळापळ. शंभर पानं लढाईची करा आणि पाणी-बिणी, चटणी-बिटणी काढून टाका. मग बघू."

माझ्याकडे पाहून विचारलं, "अक्षर कुणाचं?" दीर म्हणाले, "वयनीचं." तो म्हणाला, "छान आहे, मोठं आहे." आणि वही परत दिली.

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं, चटणीचं सोडून. हे ऐकून घेऊन म्हणाले, "लढाईत मी काय केलं? बसमधी बसलो, रांगेत उभा राह्यलो, कोणी पाणी देल्लं थे पेलो. त्याचे शंभर पानं कसे होतीन?"

"थोडं वाढवा ना," मी म्हटलं. मला पुस्तक व्हायला हवं होतं.

"जे झालं नाई थे कायले सांगू? त्याच्यापेक्षा नाई छापलं तं नाई."

पण 'नाई तं नाई' हे म्हणायचं झालं. मन त्यातच होतं. वहीची झेरॉक्स काढून पुण्याला एका ठिकाणी टपालानं पाठवली. पाठवल्यावर हे रोज पोस्टमनच्या वेळेला दाराकडे तोंड करून बसायचे. कूस बदलायला यांना त्रास व्हायचा, म्हणून मी खाटच फिरवून दिली. वर्ष गेलं. पुण्याहून ना हो आलं ना नाही, झेरॉक्सही परत आली नाही. एक दिवस म्हणाले, "खाट सीधी कर." मी केली.

मग त्या दसऱ्याला मी मोहल्ल्यातल्या बायांबरोबर नागपूरला गेले. पदराखाली वही. यांना सांगितलं होतं की या वेळी दुकानदारांनाच विचारते. दीक्षाभूमीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पुस्तकांची दुकानं लागतात. जमिनीवर ताडपत्री टाकून, खाटेवर, हातगाडीवर, जिकडे तिकडे पुस्तकं. खेड्यापाड्यातून आलेली माणसं, पायात चप्पल नसलेलीही, वाकून वाकून पुस्तकं निवडतात. त्या गर्दीत मला पहिल्यांदा वाटलं की आमचं पुस्तक विकलं जाईल तर इथंच. इथं कोणी विचारणार नाही की फिटर कोण.

एका दुकानाचा म्हातारा स्वतःच पुस्तकं छापून विकायचा. गर्दी जरा कमी झाल्यावर मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं चष्मा लावला आणि उभ्या उभ्या तीन-चार पानं खरोखर वाचली. आजपर्यंत तेवढं कोणी वाचलं नव्हतं.

"चांगलं हाय माय," तो म्हणाला. "पण खोटं नाई सांगत तुले. लोक इथं येते वर्षातून एकदा. पोरासाठी चरित्र घेते, वंदनेचं पुस्तक घेते, कॅलेंडर घेते, झालं. जित्या साध्या माणसाची कहाणी नाई घेत. त्याईच्या स्वतःच्या घरी तशीच कहाणी हाय."

मी वही उचलली. तो म्हणाला, "थांब. एक तरकीब हाय. पुण्यानुमोदनाले लोक वंदनेचं पुस्तक वाटते ना, गेलेल्या माणसाचा फोटो टाकून? पुढं वंदना राह्यते, मांगच्या पानाईवर काहीही टाकता येते. थे पुस्तक घरोघरी जाते न कोणी फेकत नाई. वंदना हाय ना त्याच्यात. एवढंच एक पुस्तक हाय आपल्यात जे फुकट भेटूनबी लोक सांभाळून ठेवते." मग त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं, कुंकू होतं, आणि पुस्तकं नीट मांडायला लागला.

मी घरी येऊन यांना काही सांगितलं नाही. "भेटला का कोणी?" "पाहून राह्यले." पण बरोबरच्या बायांनी ऐकलं होतं. त्यांच्याकडून ते दिरांपर्यंत गेलं, आणि दीर आमच्याकडे येऊन थट्टेत बोलून गेले, "दादा, तुह्या पुस्तकाले गिऱ्हाईक भेटलं म्हणते. एकच अट हाय, तू पाह्यजे नाई."

दीर हसले. हेही हसले. यांचं अर्धंच तोंड हसायचं.

दोन-चार दिवसांनी हे म्हणाले, "मी मेल्यावरच छापाले पाह्यजे असं कुठं लिहून हाय? वंदना छाप, मांगं माह्यं टाक. मी जिताच वाटतो." मला ते पटलं. मी छापखान्यात गेले. मालक चाचरला. "बाई, जित्या माणसाचा फोटो वंदनेवर? लोक काय म्हणतीन?" म्हटलं, फोटो नको. तो म्हणाला, "मग कारण काय टाकू? कोणाच्या स्मरणार्थ?" दिरांना समजलं तेव्हा ते मात्र खरंच चिडले. "वंदनेच्या मांगं स्वतःची स्तुती जोडते म्हणतीन समाजातले लोक. मले तोंड दाखवणं मुश्किल होईन. दादा, असं नको करू बापा."

यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नाई करत." त्यानंतर पुस्तकाचं नाव काढलं नाही. मी वही फळीवर, सासऱ्यांच्या पुस्तकांशेजारी ठेवली. हे त्या बाजूला पाहायचे बंद झाले. दोन दसरे गेले, आम्ही दोघंही नागपूरला गेलो नाही.

हे उन्हाळ्यात गेले. दुसऱ्यांदा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं.

पुण्यानुमोदनाची तारीख ठरली तेव्हा दीरच म्हणाले, "वयनी, आता छापू. दादाची इच्छा होती." त्यांचे डोळे लाल होते. त्या वेळी मी त्यांना काही बोलले नाही आणि नंतरही नाही. छापखान्याच्या मालकाकडे वंदनेचे फर्मे, म्हणजे घडी घातलेले आठ-आठ पानांचे छापील ताव, तयारच असायचे, कापून ठेवलेले. तो म्हणाला, मागं दोन फर्मे जोडतो, म्हणजे सोळा पानं होतील, जास्त नको, वेळ नाही.

सोळा पानांत तेरा वर्षं. घरात माणसं बसलेली, पोरगी चंद्रपूरहून आलेली, कोणी रडते, कोणी चहा मागते, आणि मी आतल्या खोलीत वही उघडून पानं निवडत बसले. दीर म्हणत होते, लढाई घ्या. मी खोली घेतली, पाणी घेतलं, पुलाची सावली आणि तो कोकणातला माणूस घेतला. ही पहिली आठ पानं. दुसऱ्या आठांत पेटी भरल्याचं, चटणीच्या बरणीचं, आणि शेवटचं पान, ज्यावर ती एक ओळ होती. ती मी का घेतली ते सांगता येत नाही. छापील पुस्तकात मी कुठेतरी असावं असं वाटलं असेल.

त्या दिवसांत भारनियमन होतं. लाईट कधी यायची, कधी जायची, नेम नव्हता. पुस्तकं आली ती कार्यक्रमाच्या सकाळी. पुढची वंदनेची पानं नीट कापलेली आणि मागची पानं त्याहून बोटभर मोठी, घडी घातलेलीच, कडा जोडलेल्या. मालक स्वतः घेऊन आला होता. म्हणाला, "कटिंग मशीन चाललीच नाई बाई, लाईटच नव्हती. लोक घरी कापून घेतीन. सुरी फिरवली का झालं."

लोकांनी पुस्तकं घेतली. कव्हरावर यांचा पासपोर्टचा फोटो मोठा करून छापला होता, तरुणपणाचा. सगळ्यांनी पुढच्या पानांवरून वंदना म्हटली. जाताना प्रत्येकानं पुस्तक कपाळाला लावलं. मला वाटलं, आता घरी जातील, सुरी घेतील आणि यांच्या खोलीत शिरतील. आपल्याकडे उरलेली मी फळीवर ठेवली. मी ती कापली नाहीत. मला आतलं पाठ होतं, आणि त्या दिवसांत ते डोळ्यांसमोर नको होतं.

लोक भेटले की म्हणायचे, "लय छान पुस्तक काढलं." मी मान हलवायची. आत कुठेतरी बरं वाटायचं. यांना पाहता आलं नाही, पण वाचलं गेलं, असं मी मनाला सांगायची.

वर्ष भरत आलं तेव्हा मी नणंदेकडे पवनारला गेले होते. समोरच्या खोलीत मेणबत्तीशेजारी पुस्तक होतं. हातात घेतलं. वंदनेची पानं मेणानं आणि बोटांनी काळी-पिवळी झालेली, कोपरे वळलेले, रोजच्या वापरातलं. मागची पानं तशीच, जोडलेली. नणंद स्वयंपाकघरात होती. तिला लाज वाटू नये म्हणून मी पटकन ठेवून देणार होते. पण यांचं छापलेलं अक्षर पाहावंसं वाटलं, म्हणून घडीच्या खालच्या फटीतून आत डोळा लावला. पहिल्या घडीत खोली दिसली, लोखंडी पलंग दिसला. दुसऱ्या घडीत लिहिलं होतं, सभासदांस नम्र निवेदन. त्याच्याखाली, थकबाकीदारांवरील कारवाई.

मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काही झालंय. दुसरी फट पाहिली. ठेवी. कर्जवाटप. संचालक मंडळ.

घरी येऊन फळीवरचं पुस्तक सुरीनं कापलं. तेच. दुसरं कापलं. तेच. पेटी नाही, बरणी नाही, घरी बायको होती हे नाही. त्या जागी कुठल्याशा पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, आठ पानं. शेवटच्या पानावर 'आपले सहकार्य असेच लाभो', आणि खाली कुणाकुणाच्या सह्या. मोहल्ला, नातलग, यांचे जिनिंगमधले जुने सोबती, सगळ्यांच्या घरी हे पुस्तक होतं. वर्षभरात एकानंही येऊन सांगितलं नव्हतं की बाई, मागं हे काय छापलंय.

वर्षाच्या कार्यक्रमाला पुन्हा सगळे जमले. वंदना झाल्यावर दीर बोलायला उभे राहिले. भावाचं खूप चांगलं बोलले. शेवटी पुस्तक हातात घेऊन म्हणाले, "दादाच्या या पुस्तकाचा शेवट वाचला का माह्याबी डोळ्यात पाणी येते. तुमी सर्वाईनं वाचलाच हाय." लोकांनी माना हलवल्या. एक बाई डोळ्याला पदर लावून बसली. मी दिरांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत होते. तेही जोडलेलंच होतं. खोटं ते भावावरच्या मायेनं बोलले, हे मला समजत होतं. म्हणूनच काही करता येत नव्हतं. बोलले असते तर सगळ्या खोलीचीच मान खाली गेली असती, आणि यांच्या फोटोसमोर.

छापखान्यात मी एकटीच गेले. मालकानं पुस्तक उलटून पाहिलं आणि खुर्चीत बसला. "पतसंस्थेनं अर्धेच अहवाल उचलले होते बाई. त्याईचे फर्मे तिथंच पडून होते, तुमच्या गठ्ठ्याजवळ. अंधारात बाइंडिंगच्या पोरींनी तेच जुळवले वाटते." मग म्हणाला, "पण वर्ष झालं. कोणीच कसं बोललं नाई?"

त्याला वाटलं मी भांडेन. मी विचारलं, "आमचे फर्मे कुठं हायेत?"

तो उठून मागच्या खोलीत गेला, बराच वेळ धुंडाळत होता. आला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दिवाळीच्या अगोदर रद्दी काढली, त्याच्यात गेले असतीन." पुन्हा छापून देतो म्हणाला, पैसे नको म्हणाला. मी नको म्हटलं. पुन्हा छापून पुन्हा त्याच घरांत द्यायचं, आणि कशासाठी देतेय ते सांगायचं, हे माझ्यानं झालं नसतं.

"रद्दी कोणाले देता?" मी विचारलं.

"बाजारात. किराणावाले घेते, फुटाणेवाले घेते."

वही अजून फळीवर आहे. पोरगी म्हणते, आई, कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवू. ठेव म्हणते मी. तिचं घर, तिची नोकरी, तिला वेळ मिळत नाही. मी दुपारी लिहिते, माझ्या बाजूची तेरा वर्षं, यांना माहीत नसलेली. ती छापायची नाहीत. कोणाकडे न्यायची नाहीत. छापून काय होतं ते मी पाहिलं आहे.

बाजारात मात्र मला एक सवय लागली आहे, ती जात नाही. फुटाणे, जिरं, साबण, काहीही कागदात बांधून आलं की मी घरी येऊन पुडी सोडते, आतलं डब्यात ओतते, आणि कागद मांडीवर ठेवून हातानं सपाट करते. दोन्ही बाजू वाचते. गणिताचं पुस्तक असतं, जुनं वर्तमानपत्र असतं, कुणाची लग्नपत्रिका असते. इतक्या वर्षांत आमचं पान आलेलं नाही. ते कागद केव्हाच विरले असतील हे मला समजतं. पण ती आठ पानं पुड्यांसाठी सुटी झाली असतील, फाडून का होईना उघडली गेली असतील. कोणीतरी फुटाणे खाता खाता चटणीच्या बरणीचं वाचलं असेल, पुढचं काय म्हणून कागद उलटला असेल, आणि कागद तिथंच संपला असेल.